योहानला कुठे जोडायचं?

विकिडेटावर लेख नसतात, विधानं असतात: एखादी व्यक्ती किंवा ग्रंथ, त्याचा गुणधर्म आणि त्या गुणधर्माचं मूल्य. २०१२मध्ये सुरू झालेल्या या माहितीकोशात आज दहा कोटींहून जास्त नोंदी आहेत. वेगवेगळ्या भाषांतले विकिपीडिया, मराठीसुद्धा, याच नोंदींना जोडलेले असतात. इथलं चुकीचं विधान म्हणूनच फार लांबवर पोचतं.

मध्ययुगीन ग्रीक लेखकांच्या नोंदी भरताना अचूकतेची कसोटी लागते. ॲना कॉम्नीनीचं काम सोपं. सम्राटाची मुलगी, १०८३चा जन्म, वडिलांच्या कारकिर्दीवर पंधरा भागांचा ‘ॲलेक्सियाड’. बायझंटाईन साहित्याशी तिला डोळे मिटून जोडावं. पण ख्रिस्ती धर्मलेखक दमास्कसचा योहान? लिहिलं ग्रीकमध्ये, हयात गेली उमय्या खलिफांच्या राज्यात. त्याचं घराणंच खलिफांच्या चाकरीतलं. बायझंटाईन सम्राट लिओ तिसरा याच्या धार्मिक प्रतिमांविरोधी धोरणावर त्याने कडाडून लिहिलं, आणि सम्राटाचा हात तिथवर पोचत नव्हता. ७५४च्या धर्मपरिषदेने योहानला शाप दिला तो त्याच्या मृत्यूनंतर. ‘नागरिकत्व’ या गुणधर्मात कुणी सवयीने ‘बायझंटाईन साम्राज्य’ भरलं, तर त्याच्या लेखनामागचं हे बळच पुसलं जातं. भाषेची नोंद वेगळी, राज्याची वेगळी आणि परंपरेची त्याहून वेगळी ठेवायला हवी.

माझं मत असं, की परंपरेचा धागा माणसाला बांधण्याआधी ग्रंथाला बांधावा. अँटिओकच्या सिमिऑन सेथने अकराव्या शतकात ‘कलीला व दिम्ना’ अरबीतून ग्रीकमध्ये आणलं. अरबी पुस्तक पहलवीवरून झालेलं, आणि पहलवीच्या मागे आपलं पंचतंत्र. करटक आणि दमनक हे कोल्हे अशा वाटेने कॉन्स्टँटिनोपलपर्यंत गेले. सेथच्या नोंदीत नुसतं ‘ग्रीक लेखक’ म्हटलं, तर यातलं काहीच दिसत नाही. ग्रंथाच्या नोंदीत ‘यावर आधारित’ हा गुणधर्म टप्प्याटप्प्याने भरत गेलं, की ग्रीक पानावरून थेट संस्कृतपर्यंत पोचता येतं.

बुद्धचरित्रावरून घडलेली ‘बार्लाम आणि योआसाफ’ ही ग्रीक कथा शतकानुशतकं योहानच्याच नावावर होती. आज बहुतेक अभ्यासक ती एथोस पर्वतावरचा जॉर्जियन संन्यासी युथिमिओस याची मानतात. विकिडेटात विधानांना दर्जा देता येतो. युथिमिओसच्या नावाला प्राधान्य द्यावं. योहानचं नाव खोडून टाकू नये. खालचा दर्जा, कारण आणि आधार जोडून ते तिथेच राहू द्यावं. जुन्या हस्तलिखितांवर ते नाव आहे, आणि ती हाताळणाऱ्याला ते सापडायला हवं.