झिर्कोनियम : अणुइंधनाचे कवच

केरळ व तमिळनाडूच्या किनाऱ्यांवरील काळसर वाळूत झिर्कॉन हे खनिज आढळते. त्यापासून झिर्कोनियम हा करडा-पांढरा धातू मिळवितात. तो गरम पाण्यातही सहसा गंजत नाही आणि न्यूट्रॉन फारच थोडे शोषतो. म्हणून अणुभट्टीतील इंधन त्याच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरतात. हैदराबाद येथील न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये अशा नळ्या तयार होतात. मात्र निसर्गतः त्याच्यासोबत असणारे हाफ्नियम शेकडो पटींनी अधिक न्यूट्रॉन शोषते. ते आधी वेगळे काढावे लागते. शिवाय अतितप्त झिर्कोनियमची वाफेशी रासायनिक क्रिया होऊन हायड्रोजन वायू निर्माण होतो. २०११ साली जपानमधील फुकुशिमा येथे भट्ट्या थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली, तेव्हा याच वायूचे स्फोट झाले. या नळ्यांभोवती पाण्याचा प्रवाह अखंड राखणे, ही सुरक्षिततेची पहिली अट होय.