पट्ट्याचा जोर ताणात नसतो

१९२०-३०च्या दशकांत अमेरिकेतला ट्रॅक्टर नांगरटीइतकाच उभ्या जागीही राबायचा. त्याच्या बाजूच्या पुलीवर लांबलचक सपाट पट्टा चढवून मळणी यंत्र, लाकूड कापायची गोल करवत नाहीतर धान्य भरडायची चक्की चालवत. आज हौशी मंडळी हे जुने ट्रॅक्टर दुरुस्त करून पुन्हा पट्ट्याला जुंपतात, तेव्हा काही समजुती हमखास आड येतात. आपल्याकडे ऑइल इंजिनावर गिरणी किंवा कडबाकुट्टी चालवलेल्यांना त्यातल्या बऱ्याच ओळखीच्या वाटतील.

गैरसमज : ‘१५-३०’ हा नुसता मॉडेल क्रमांक.
वस्तुस्थिती : मॅककॉर्मिक-डीअरिंग १५-३० या ट्रॅक्टरच्या नावातला पहिला आकडा ओढकामाच्या अश्वशक्तीचा, दुसरा पट्ट्यावरच्या. ओढताना बरीच ताकद गिअरमध्ये आणि चाकांच्या रुतण्या-घसरण्यात खर्ची पडते; पट्ट्यावर ती वाचते. नेब्रास्कात १९२० पासून सुरू झालेल्या ट्रॅक्टर चाचण्यांत म्हणूनच दोन्ही मोजत.

गैरसमज : पट्टा जितका ताठ, तितकी ताकद जास्त.
वस्तुस्थिती : ताकद म्हणजे ओढ गुणिले वेग. मिनिटाला ३,१०० फूट हा पट्ट्याचा पुढे प्रमाण ठरलेला वेग. या वेगाला २५ अश्वशक्ती पोचवायला सुमारे १२० किलोची ओढ पुरते. वेग निम्मा केला की तीच ओढ दुप्पट लागते. फाजील ताणाने बेअरिंग तापतात आणि पट्ट्याचा सांधा उसवतो. लांब पट्ट्याला स्वतःच्या वजनानेच बराचसा ताण मिळतो. ट्रॅक्टर हळूहळू मागे घ्यायचा, पट्टा जेमतेम बसला की चाकांना ओट लावायची.

गैरसमज : पट्ट्याला तिढा पडला म्हणजे चुकीचा चढवला.
वस्तुस्थिती : तिढा मुद्दाम देतात. त्याने यंत्र उलट्या दिशेने फिरतं, पट्टा पुलीला जास्त वेढा घालतो आणि वाऱ्यावर कमी फडफडतो.

गैरसमज : पुली अगदी सपाट हवी, नाहीतर पट्टा उतरेल.
वस्तुस्थिती : पुली मधोमध किंचित फुगीर असते. फिरता पट्टा आपोआप जास्त व्यासाकडे, म्हणजे मध्याकडे सरकतो. तरीही तो उतरत असेल तर आधी ट्रॅक्टर यंत्राच्या रेषेत उभा आहे का ते पाहावं.

गैरसमज : मिळेल ती पुली चालते.
वस्तुस्थिती : ट्रॅक्टरच्या पुलीचा व्यास गुणिले तिचे फेरे म्हणजेच यंत्राच्या पुलीचा व्यास गुणिले तिचे फेरे. १२ इंची पुली मिनिटाला १,००० फेरे घेत असेल, तर करवतीची ६ इंची पुली २,००० घेईल. पात्याला ते झेपणार नसेल तर पातं फुटतं.

गैरसमज : पट्टा घसरला की राळ लावावी.
वस्तुस्थिती : राळेने घटकाभर पकड येते, मग पट्टा गुळगुळीत होऊन आणखी घसरतो. आधी तेल सांडलंय का, यंत्र तुंबलंय का, पट्टा सैल आहे का, हे बघावं.

गैरसमज : अडकलं तर पट्टा घसरतो, म्हणून धोका नाही.
वस्तुस्थिती : घसरेपर्यंत तो हात-कपडे ओढून घेतो, आणि सांध्याच्या धातूच्या आकड्यांत बाही सहज अडकते. फिरत्या पट्ट्यावरून ओलांडू नये. चढवायचा-उतरवायचा तो इंजिन बंद करून, यंत्राचा ड्रम पुरता थांबल्यावरच.