आधारची सही केलेली झेरॉक्स रद्दीत गेली तर? जुने कागद फेकण्याआधी हे वाचा

दिवाळीची साफसफाई असो की घर बदलणं, कपाटातून निघालेले कागद वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यासोबत रद्दीवाल्याकडे जातात. त्यात बँकेचं स्टेटमेंट, पॅनची झेरॉक्स, जुनी सॅलरी स्लिपही असते.

धोका नेमका काय?

रद्दी लगेच कागद कारखान्यात जात नाही. आधी ती अनेकांच्या हातून जाते, काही कागदांच्या तर पुड्या होतात. त्यात आधार-पॅनची सही केलेली झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो एकत्र सापडले, तर अर्जाचा तयार संचच मिळाला. त्यावरून तुमच्या नावावर सिमकार्ड किंवा कर्ज काढण्याचा प्रयत्न होऊ शकतो. जुन्या स्टेटमेंटवरून तुमची बँक आणि हप्ता कळला, की भामट्याचा फोनही खरा वाटतो.

नुसतं फाडलं तर चालतं?

नाही. १९७९ मध्ये तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासातले कागद श्रेडरमधून काढून त्यांच्या लांब पट्ट्या केल्या होत्या. इराणी विद्यार्थ्यांनी गालिचे विणणाऱ्यांच्या मदतीने त्या जोडून मजकूर वाचला. तुमच्या कागदाचे दोन तुकडे जोडायला तर मिनिटही लागणार नाही.

मग काय करायचं?

• नाव, नंबर, सही आणि फोटो असलेला भाग उभा-आडवा कापून बारीक तुकडे करा.
• कागद जास्त असतील तर ते तुकडे बादलीत रात्रभर भिजवा आणि कुस्करून लगदा करा.
• श्रेडर घ्यायचा असेल तर लांब पट्ट्या करणारा नको, उभे-आडवे तुकडे करणारा घ्या.
• जुन्या एटीएम कार्डची चिप आणि काळी पट्टी दोन्ही कापा.
• कुरिअरच्या पाकिटावरचं नाव-पत्ता-मोबाइलचं लेबल काढून फाडा.
• कागद जाळू नका. उघड्यावर कचरा जाळायला नियमाने मनाई आहे.

काय अजिबात फेकायचं नाही?

खरेदीखत, जन्मदाखला, शैक्षणिक प्रमाणपत्रं, चालू विमा पॉलिसी आणि कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र. आयकराचे कागद फेकण्याआधी सीएला विचारा.

कागद आधीच गेले असतील तर?

'संचार साथी' पोर्टलवर तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर असेल तर तिथेच तक्रार करता येते. क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा मोफत क्रेडिट रिपोर्ट मिळतो. त्यात न घेतलेलं कर्ज दिसलं तर बँक आणि ब्युरो दोघांनाही लेखी कळवा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

पुढच्या वेळी आधार द्यायची वेळ आली, तर शेवटचे चारच आकडे दाखवणारं 'मास्क्ड आधार' चालेल का, हे आधी विचारा. झेरॉक्स द्यावीच लागली, तर सहीसोबत तारीख आणि कशासाठी दिली ते कागदावर आडवं लिहा. ती दुसरीकडे वापरणं मग अवघड जातं.