गोळी चुकली का?

मला बायपोलर आहे. गेली पाच वर्षं मी पुण्यात पीअर सपोर्ट वर्कर म्हणून काम करते. म्हणजे आजारातून गेलेल्या माणसानं आज त्यातून जाणाऱ्याच्या शेजारी बसायचं. आपल्याकडे रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणायची सुंदर रीत पडली आहे. आम्ही एकाच वेळी दोन्ही असतो, आणि पंचाईत तिथेच होते.

पहिल्या नोकरीत एकदा मीटिंगमध्ये मी म्हणाले, "या आठवड्यात फार दमले." लगेच प्रश्न आला, "गोळी चुकली का?" शेजारची सोशल वर्कर दमली तर तिला रजा मिळायची, मी दमले तर माझा आजार उलटला, असं सगळे धरून चालायचे. तेव्हापासून मी दमणं लपवायला लागले. मी जिला सोबत करत होते त्या एका मुलीचा रात्री दीड-दोनला फोन यायचा, तो मी उचलायचे. झोप मोडली की बायपोलर डोकं वर काढतो हे ठाऊक असूनही कुणाला बोलले नाही. तीन आठवड्यांत मीच अ‍ॅडमिट झाले.

आता दर गुरुवारी चार वाजता सुपरवायझर ताई आणि मी तासभर बसतो. माझ्या औषधांबद्दल ताई विचारत नाहीत, त्यासाठी माझे डॉक्टर आहेत. त्या विचारतात, "या आठवड्यात कुणाला डोक्यात घेऊन घरी गेलीस?" मग त्या माणसाबद्दल बोलायचं. फोन संध्याकाळी सातपर्यंतच घ्यायचा, हे तिथेच ठरलं. रात्रीसाठी प्रत्येकाला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मी स्वतः मोबाइलमध्ये सेव्ह करून देते. तो चोवीस तास चालतो.

एकदा एका तरुणाला मी माझ्या अ‍ॅडमिट होण्याची हकिगत वीस मिनिटं ऐकवली. मोठं काम केल्यासारखं वाटत होतं. ताईंनी शांतपणे विचारलं, "ती हकिगत त्याला हवी होती की तुला?" मला रडूच आलं. स्वतःची गोष्ट हेच आमचं हत्यार, पण ते किती आणि कधी काढायचं हे कुठल्याही ट्रेनिंगच्या चार दिवसांत कळत नाही.

गोव्यातल्या 'संगाथ' संस्थेनं तर अशा सुपरव्हिजनच्या पुढचं पाऊल टाकलं. तिथे गावातल्याच साध्या माणसांना समुपदेशन शिकवलं. त्यांच्या भेटींचं रेकॉर्डिंग गटात ऐकायचं, ठरलेल्या निकषांवर एकमेकांना गुण द्यायचे आणि त्यावर बोलायचं, अशी पद्धत बसवली. चूक सगळ्यांसमोर उघडी होते, पण ऐकणारेही त्याच वाटेवरचे असतात.

आपल्याकडे प्रकल्पाच्या बजेटात ट्रेनिंगला पैसे असतात, बॅनरला असतात. या गुरुवारच्या तासाला मात्र कात्री लागते. मला याचा फार राग येतो.

मागच्या गुरुवारी कितीतरी दिवसांनी मी म्हणाले, "ताई, दमले." त्यांनी डायरी उघडली. "उद्याच्या दोन भेटी कुणाकडे देऊ?"