सन्मुख दर्शक, मोटारगाडीतील

मोटारगाडीचा वेग, एंजिनाचे दर मिनिटाचे फेरे इ. माहिती समोरच्या काचेतून दिसणाऱ्या रस्त्याच्या दृश्यातच चालकाला दाखविणारी प्रकाशीय व इलेक्ट्रॉनीय प्रयुक्ती. हिला ‘हेड-अप डिस्प्ले’ असेही म्हणतात. ताशी ८० किमी. वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सु. २२ मी. अंतर कापते. वेगमापक पाहण्यासाठी खाली वळलेली नजर तेवढा काळ रस्त्यावर नसते, म्हणून या प्रयुक्तीला महत्त्व आहे. कारखान्यातून ती न बसविलेल्या गाडीसाठी हौशी तंत्रज्ञास दर्शक व त्याचे जोडमंडल (इंटरफेस) स्वतः तयार करता येते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या जोडमंडलाची माहिती दिली आहे.

इतिहास : १९०० साली हॉवर्ड ग्रब यांनी शोधलेल्या परावर्तक नेमदर्शकात या कल्पनेचे मूळ आहे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांत असे नेमदर्शक वापरीत. पुढे त्यांतूनच विमानांचे सन्मुख दर्शक विकसित झाले. भारतात तेजस विमानासाठी असा दर्शक चंडीगढ येथील केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेने विकसित केला. मोटारगाड्यांत त्याचा वापर १९८८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबिल व जपानमध्ये निसान गाड्यांपासून सुरू झाला.

प्रकाशीय तत्त्व : डॅशबोर्डवर ठेवलेल्या दर्शकाचा प्रकाश काचेवरून परावर्तित होऊन डोळ्यात शिरतो व आकडे काचेपलीकडे असल्यासारखे भासतात. काचेचा प्रणमनांक सु. १·५२ असल्यास लंब दिशेने येणाऱ्या प्रकाशाचा सु. ४% भागच एका पृष्ठावरून परत फिरतो. आपाती कोन ६०° असल्यास आडव्या ध्रुवणाचा सु. १८% प्रकाश परावर्तित होतो; दुसऱ्या ध्रुवणाचा जवळजवळ होतच नाही. यामुळे ध्रुवणकारी काळा चष्मा घातल्यास आकडे अंधुक होतात किंवा दिसेनासे होतात. काचेच्या आतील व बाहेरील अशा दोन्ही पृष्ठांवरून परावर्तन होत असल्याने दुहेरी प्रतिमा दिसते. कारखान्यात काचेच्या दोन थरांमधील प्लॅस्टिकचा पापुद्रा पाचरीच्या आकाराचा ठेवून हा दोष घालवितात. घरगुती रचनेत काचेवर अर्धपरावर्तक पटल चिकटवितात किंवा वेगळी छोटी पारदर्शक पट्टी उभारतात.

सपाट काचेने मिळणारी प्रतिमा दर्शक काचेपासून जेवढ्या अंतरावर असेल तेवढ्याच अंतरावर पलीकडे पडते. दर्शक २५ सेंमी.वर असल्यास प्रतिमाही तेवढीच मागे असते व डोळ्याला रस्त्यावरून तिच्यावर नव्याने केंद्रीकरण करावे लागते. हे टाळण्यासाठी अंतर्वक्र आरसा किंवा बहिर्वक्र भिंग वापरतात. ३० सेंमी. केंद्रांतराच्या आरशापुढे २५ सेंमी.वर दर्शक ठेवल्यास आभासी प्रतिमा आरशामागे १५० सेंमी.वर पडते व सहापट मोठी होते. आरसा न वापरता दर्शक डॅशबोर्डवर आडवा ठेवल्यास आकडे वरची बाजू खाली असे उमटवावे लागतात. सात रेघांच्या दर्शकात सर्वांत वरची व सर्वांत खालची रेघ, तसेच प्रत्येक बाजूच्या दोन उभ्या रेघा यांची आपसांत अदलाबदल केली व मधली रेघ तशीच ठेवली की, हे साधते.

माहितीचा उगम : अमेरिकेत १९९६ सालापासूनच्या मोटारगाड्यांत प्रदूषण नियंत्रणासाठी निदान-जोडणी (ओबीडी-२) सक्तीची झाली, इतरत्रही पुढे तसे नियम आले. या जोडणीत सोळा टोके असतात. चौथे व पाचवे टोक भूसंपर्काचे, सहावे व चौदावे ‘कॅन’ संदेशवाहिनीचे आणि सोळावे विद्युत् घटमालेच्या धन अग्राचे असते. बॉश कंपनीने १९८६ साली जाहीर केलेल्या कॅन पद्धतीत दोन तारांमधील विद्युत् दाबाच्या फरकावरून संदेश ओळखतात. विश्रांत स्थितीत दोन्ही तारा सु. २·५ व्होल्टवर असतात. संदेशकाळी एक ३·५ व दुसरी १·५ व्होल्टवर जाते. ठिणग्यांचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच होत असल्याने फरक टिकून राहतो.

जोडमंडलातील सूक्ष्मनियंत्रक (मायक्रोकंट्रोलर) षोडशमान पद्धतीतील ‘७डीएफ’ या क्रमांकाने ‘०२ ०१ ०डी’ अशी विचारणा करतो. पहिला अंक पुढील बाइटांची संख्या, दुसरा चालू माहितीची मागणी व तिसरा वेग ही राशी दर्शवितो. एंजिन नियंत्रक ‘७ई८’ क्रमांकाने, उदा., ‘०३ ४१ ०डी ३सी’ असे उत्तर देतो. ‘३सी’ म्हणजे दशमान ६०, अर्थात ताशी ६० किमी. फेऱ्यांसाठी दोन बाइट येतात. पहिल्याची २५६ पट अधिक दुसरा यांस ४ ने भागले की दर मिनिटाचे फेरे मिळतात. विजेवर चालणाऱ्या अनेक गाड्या मात्र या विचारणांना उत्तर देत नाहीत.

विद्युत् पुरवठा : १२ व्होल्टची म्हटली जाणारी घटमाला गाडी चालू असताना सु. १४ व्होल्ट दाब देते. एंजिन सुरू करताना दाब ६ व्होल्टपर्यंत घसरू शकतो, तर जनित्र भारित असताना घटमालेची तार सुटल्यास क्षणभर तो अनेक दशक व्होल्टपर्यंत चढतो. यासाठी वितळतार, उलट्या जोडणीपासून रक्षण करणारा डायोड, दाबशोषक डायोड व ५ व्होल्टचा नियामक या क्रमाने घटक जोडतात. सोळावे टोक गाडी बंद असतानाही सजीव राहते. मंडल १०० मिलिअँपिअर प्रवाह घेत राहिले, तर दहा दिवसांत २४ अँपिअर-तास विद्युत् भार खर्च होतो. लहान गाडीची घटमाला त्याने जवळजवळ रिकामी होते. म्हणून संदेश थांबताच मंडल निद्रावस्थेत जाईल अशी योजना करतात.

दर्शकाची तेजस्विता दिवसा पुष्कळ व रात्री अगदी थोडी लागते. प्रकाशसंवेदी रोधकाच्या साहाय्याने ती आपोआप बदलतात. रात्री झगझगणारे आकडे अंधारातील पादचारी झाकून टाकतात.

दक्षता : कॅनवर एकाच वेळी दोन संदेश निघाल्यास लहान क्रमांकाच्या संदेशाला वाट मिळते. निदान-विचारणेचा क्रमांक मोठा असल्याने ती एंजिन वा गतिरोधकाच्या संदेशांना अडवीत नाही. मात्र चुकीच्या गतीने किंवा मनमानी क्रमांकाने संदेश पाठविणारे मंडल संपूर्ण वाहिनी विस्कळीत करू शकते. म्हणून प्रमाणित विचारणांखेरीज काहीही वाहिनीवर पाठवू नये व पहिली चाचणी गाडी उभी असताना घ्यावी. उत्तर वेळेत न आल्यास जुना आकडा तसाच न ठेवता दर्शक कोरा करणे आवश्यक असते, कारण चुकीचा वेग हा न दिसणाऱ्या वेगापेक्षा अधिक घातक ठरतो. गाडीचा वेगमापक नियमानुसार खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, म्हणून तो सहसा थोडा अधिक दाखवितो. दोन आकड्यांत फरक पडल्यास तो मंडलाचा दोष असेलच असे नाही. अपघातात फुगणाऱ्या सुरक्षा पिशवीच्या मार्गात दर्शक बसवू नये.

सन्मुख दर्शकाने नजर समोर राहते, पण लक्ष समोर राहीलच असे नाही. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या नासाच्या अभ्यासात अनुकारी विमानात असा दर्शक वापरणाऱ्या काही वैमानिकांना धावपट्टीवरील अडथळा दिसलाच नाही. यास्तव दर्शकावर एक-दोन राशीच दाखविणे व त्यांची जागा दृष्टिरेषेच्या किंचित खाली ठेवणे इष्ट ठरते.