कर्नेलमधली बंद पाकिटे

लिनक्स कर्नेलचा सोर्स कोड कोणालाही वाचता येतो. मात्र वाय-फाय, ग्राफिक्स अशा भागांना चालू होताना फर्मवेअर लागते आणि कंपन्या ते बहुधा सोर्स कोडशिवाय देतात. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत ही व्हाउचर नसलेली नोंद! म्हणून डेबियनने 2011 च्या ‘स्क्वीझ’ आवृत्तीत असे फर्मवेअर कर्नेलमधून काढून वेगळ्या विभागात ठेवले. पण त्याविना अनेक लॅपटॉपवर वाय-फायच चालेना. अखेर 2022 मध्ये डेबियनच्या सभासदांनी मतदान केले. 2023 च्या ‘बुकवर्म’पासून ते इन्स्टॉलरसोबतच येते, विभाग मात्र वेगळाच आहे. आम्हाला हा हिशेब पटतो. गरज असेल तर वापरावे, पण नोंद वेगळी दिसावी. घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालताना तो विभाग एकदा जरूर पाहावा.