परदेशातली मोटरसायकल : हौस करा, पण हिशेबाने

आखाती देशांत पोटापाण्यासाठी गेलेल्या आपल्या माणसाची सुटी बहुधा खोलीतच जाते. कपडे धुणे, घरी फोन, दुपारची झोप आणि संध्याकाळी बाजारात एक फेरी. महाड, खेड, चिपळूण, श्रीवर्धन या भागांत असा कमावता माणूस नसलेली वाडी विरळाच. यांच्यातील काही तरुण थोडी बचत झाली की मोटरसायकल घेतात आणि सुटीला अमिरातीतून ओमानच्या डोंगरांकडे निघतात. हौसेला आमचा विरोध नाही. आम्ही स्वतः ती केली आहे. पण परक्या मुलखात गाडी चालवणाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. तेथे आपली गाडी आपल्या व्हिशाला बांधलेली असते आणि आपल्या व्हिशाला घरची चूल.

शारजाच्या औद्योगिक भागात आम्ही काही वर्षे मोटरसायकल दुरुस्तीचे काम केले. तेथील तिघा मित्रांनी मिळून निझवाला जायचे ठरवले. अल ऐनहून मझयदच्या नाक्याने ओमानात शिरायचे, मग इब्री, बहला आणि निझवा. दुबईपासून हा रस्ता साधारण चारशे किलोमीटरचा. पहिल्या खेपेस आम्ही नाक्यावरूनच परत फिरलो. एका सोबत्याची गाडी बँकेच्या कर्जावर होती आणि ती देशाबाहेर नेण्यास हरकत नसल्याचे बँकेचे पत्र त्याच्याजवळ नव्हते. गाडी त्याची, हप्ते त्याचे, पण कर्ज फिटेपर्यंत हक्क बँकेचा! सुटीचा दिवस आणि पेट्रोल दोन्ही वाया गेले. चूक आमचीच होती, कारण निघण्यापूर्वी कागद कोणी पाहिलेच नव्हते.

कोणते कागद हवेत?

पहिला कागद परवाना. अमिरातीत मोटरसायकलचा परवाना वेगळ्या वर्गाचा असतो. मोटारीच्या परवान्यावर दुचाकी चालत नाही आणि तेथे राहणाऱ्याला आपला भारतीय परवानाही चालत नाही. दुसरा कागद गाडीच्या नोंदणीचा, ज्याला तिकडे सगळे ‘मुलकिया’ म्हणतात. तिसरा विम्याचा. अमिरातीतला विमा ओमानात आपोआप लागू होतो असे समजू नये. अरब देशांमध्ये चालणारे ‘ऑरेंज कार्ड’ विमा कंपनीकडून आधीच काढून घ्यावे. चौथा ओमानचा व्हिसा. पूर्वी आखातातील रहिवाशांना तो ओळखपत्रावर लिहिलेल्या पेशावरून मिळत असे आणि सुतार, फिटर, मदतनीस अशांची अडचण होई. नियम वरचेवर बदलतात, म्हणून प्रत्येक खेपेस नव्याने चौकशी करावी.

विम्यावर आमचा इतका जोर का, ते सांगतो. अमिरातीत अपघातात माणूस दगावला तर दोषी चालकावर २ लाख दिरहम दियतीचा बोजा येतो. विमा असल्यास सहसा कंपनी भरते. पण चालकाजवळ त्या वर्गाचा परवानाच नसेल, तर भरलेली रक्कम कंपनी त्याच्याकडून वसूल करू शकते. कारागिराच्या पगारातून ही रक्कम किती वर्षांत फिटेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

काही बंधू कंपनीच्या डिलिव्हरीच्या गाडीवर सुटीला फिरायला जाण्याचा विचार करतात. तसे मुळीच करू नये. ती गाडी धंद्याच्या नावावर, धंद्याच्या विम्यावर असते.

गाडीची तयारी

दुसऱ्या खेपेस कागद पुरे होते. इब्री आणि बहलाच्या दरम्यान आमच्या गाडीची क्लच केबल तुटली. आजूबाजूला नुसता दगड आणि ऊन. पण निघताना जुन्या केबलच्या शेजारी नवी केबल बांधून ठेवली होती. अर्ध्या तासात ती जोडून पुढे निघालो. मेकॅनिकच्या अंगची ही सवय त्या दिवशी कामी आली. केबल, प्लग, फ्यूज, पंक्चरचे सामान आणि हातपंप एवढे सामान एका पिशवीत मावते.

टायर घेताना त्याच्या बाजूवरचे चार आकडे पाहावेत. पहिले दोन आठवडा दाखवतात, पुढचे दोन वर्ष. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला आहे. उन्हात पडून राहिलेले रबर नवे दिसले तरी आतून वाळलेले असते. वाळूच्या मुलखातून आल्यावर एअर फिल्टर काढून साफ करावा.

वेळही पाहून निघावे. ऑक्टोबर ते मार्च हे महिने चांगले. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२.३० ते ३ उघड्यावर मजुरांकडून काम घेण्यास मनाई आहे. ज्या उन्हात सरकार मजुराला काम करू देत नाही, त्या उन्हात हौसेखातर गाडी चालवू नये. रात्रीचा प्रवासही टाळावा, कारण उंट रस्त्यावर येतात आणि अंधारात दिसत नाहीत.

काय पाहावे?

आपल्या कारागीर वाचकांना हा रस्ता आवडेल. बहला येथे मातीची भांडी घडवणाऱ्यांची जुनी परंपरा आहे. तेथील किल्ला १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. निझवाच्या बाजारात चांदीच्या मुठीचे खंजर मिळतात आणि शुक्रवारी सकाळी बकऱ्यांचा बाजार भरतो. विकणारे जनावर धरून गोल फिरतात, घेणारे कडेला बसून भाव सांगतात. व्यापारी माणसाने हा बाजार एकदा तरी पाहावा. मात्र जानेवारी २०२२ पासून अमिरातीत सरकारी साप्ताहिक सुटी शनिवार-रविवार झाली आहे, तर ओमानात ती शुक्रवार-शनिवार असते. शुक्रवारचा बाजार गाठायचा तर मालकाकडून रजा घ्यावी लागेल.

धंदा आणि धोका

सामानाचा कॅरिअर, रेक्झिनच्या पिशव्या, सीटची दुरुस्ती, लांबच्या प्रवासाआधीची तपासणी, या सर्वांना गिऱ्हाईक असते. पण एका मालकाच्या व्हिशावर राहून बाहेर स्वतःचे काम घेणे तेथे गुन्हा ठरते. चार पैशांसाठी नोकरी गमावून परतलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. काम करायचे तर रीतसर परवाना काढून करावे.

गाडीवरूनच वतनाला येण्याचे स्वप्नही काही जण पाहतात. इराण, पाकिस्तान आणि भारत या देशांत परदेशी नोंदणीची गाडी तात्पुरती आणायची तर ‘कार्ने’ लागतो. तो मोटार क्लबकडून मिळतो आणि त्यासाठी अनामत किंवा बँकेची हमी द्यावी लागते. मुदतीत गाडी त्या देशाबाहेर गेल्याचा शिक्का पडला नाही, तर जकातीची रक्कम आपल्या अंगावर येते.

शेवटची गोष्ट परतीच्या वेळची. व्हिसा रद्द होण्याआधी गाडी विकावी, दंड भरावेत आणि मुलकिया घेणाऱ्याच्या नावावर करून घ्यावी. ओळखीच्या माणसाला नुसती चावी देऊन विमानात बसू नये. त्याने केलेला दंड मूळ मालकाच्या नावावरच चढत राहतो.

निझवाहून परतल्यावर आम्ही खोलीच्या दाराला आतून कागदांची एक यादी चिकटवली. नंतर जो कोणी गाडी घेऊन निघे, तो आधी ती यादी वाचे आणि मगच किक मारी. आपल्या मुलाने, भावाने तिकडे गाडी घेतली असेल तर त्याला एवढे एक काम आजच फोन करून सांगावे.